नौशेरा–राजौरी रस्त्यावरचे चार दिवस आणि त्यापुढचा वाद

काश्मीरसाठीच्या १९४७–४८ च्या भारत–पाक युद्धात, मार्च १९४८ मध्ये झांगर परत मिळाल्यावर भारतीय सैन्याचे पुढचे लक्ष्य राजौरी होते. नौशेराहून तिकडे जाणारा डोंगरी रस्ता मात्र सुरुंग पेरून, पाइनची झाडे आडवी पाडून आणि मोऱ्या उडवून अडवलेला होता. रणगाड्यांना वाट करून देणाऱ्या सॅपर, म्हणजे लष्करी अभियंत्यांच्या, तुकडीचे नेतृत्व सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांच्याकडे आले. कारवारजवळच्या चेंडिये गावचे राणे १९४० मध्ये साधे सैनिक म्हणून भरती झाले होते आणि ब्रह्मदेशच्या आघाडीवर त्यांनी नाव कमावले होते. अधिकारपद मिळून त्यांना अजून चार महिनेही झाले नव्हते.

८ एप्रिलला सकाळी अकराच्या सुमारास, काम सुरू होण्याआधीच, उखळी तोफांच्या माऱ्यात तुकडीतले दोन जवान ठार झाले आणि राणे यांच्यासह पाच जण जखमी झाले. उरलेल्यांना गोळा करून त्यांनी काम सुरू केले. दुपारी बरवालीचा डोंगर हाती आल्यावर, परिसरातून शत्रू पुरता हटलेला नाही हे ठाऊक असूनही, ते रात्री दहापर्यंत रणगाड्यांसाठी वळणरस्ता तयार करत राहिले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सव्वासहाला सुरुंगांनी वेढलेली पाच मोठी झाडे वाटेत आली आणि अंधारामुळे ताफ्याला थांबावे लागले. १० तारखेला पहाटे पावणेपाचला हात घालून राणे यांनी तो अडथळा साडेसहापर्यंत दूर केला. त्यापुढचे हजार यार्ड मशिनगनच्या टप्प्यात होते. तेही साडेदहाला मोकळे झाले आणि दुपारी दोनला रणगाडे चिंगासला पोहोचले. मागून येणाऱ्या रसदीच्या गाड्यांसाठी ११ तारखेच्या रात्रीपर्यंत काम चालूच होते. १२ एप्रिलला राजौरी हाती आली.

लोकांच्या तोंडी मात्र प्रसंग आहे तो राणे रणगाड्याखाली सरपटत, दोरीच्या खुणांनी चालकाला दिशा देत सुरुंगांतून पुढे गेल्याचा. या कामगिरीसाठी राणे यांना मिळालेल्या परमवीर चक्राच्या प्रशस्तिपत्रात तो नाही. तिथे आहेत ती वेळापत्रकासारखी तासांची टिपणे, आणि शत्रूचे किती मारले याचा आकडा कुठेच नाही. मला ही कोरडी नोंदच अधिक बोलकी वाटते.

वाद आहे तो ‘परमवीर चक्राचे पहिले हयात मानकरी’ या बिरुदाचा. ते राणे यांना लावले जाते, तसेच त्याच युद्धातल्या तिथवालच्या लढाईसाठी गौरवल्या गेलेल्या लान्स नायक करम सिंग यांनाही. गुंत्याचे मूळ पदकाच्या जन्मात आहे. स्वातंत्र्यानंतर ब्रिटिश पदके देण्याचा प्रश्न उरला नव्हता आणि भारतीय शौर्यपदके २६ जानेवारी १९५० ला स्थापन झाली, पण १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू मानून. त्यामुळे १९४७–४८ च्या युद्धातल्या प्रत्येक मानकऱ्याला दोन तारखा चिकटल्या, पराक्रमाची एक आणि घोषणेची दुसरी, आणि क्रम कोणत्या तारखेने लावायचा हे ज्याने त्याने सोयीने ठरवले. त्या युद्धातल्या पाच परमवीर चक्रांपैकी तीन मरणोत्तर होती, म्हणजे प्रश्न दोघांपुरताच उरतो. राणे यांची कारवाई एप्रिलची आणि तिथवालची ऑक्टोबरची. पदक पराक्रमाच्या दिवसापासून धरले जात असेल, तर पहिला मान राणे यांचाच ठरतो. घोषणेच्या किंवा प्रदानाच्या तारखेवरून उलटा क्रम लावणारे पूर्वलक्षी अंमलाचा अर्थच बाजूला ठेवतात. तिथवालच्या वीराचे मोठेपण याने उणे होत नाही; त्यांच्याकडे महायुद्धातले शौर्यपदक आधीपासून होते.

राणे १९६८ मध्ये मेजर म्हणून निवृत्त झाले आणि १९९४ मध्ये पुण्यात वारले. अडीच दशकांहून अधिक काळच्या सेवेत लष्कराच्या अधिकृत युद्धवृत्तांमध्ये त्यांच्या कामगिरीचा पाचदा गौरवाने उल्लेख झाला, ही गोष्ट पदकाच्या झगमगाटात सहसा सांगितली जात नाही. पुढे एका सरकारी जहाज कंपनीने आपल्या पंधरा तेलवाहू जहाजांना परमवीरांची नावे दिली, त्यांत राणे यांचे होते. कारवारच्या किनाऱ्यावर त्यांचा पुतळा उभा राहिला आणि २३ जानेवारी २०२३ ला अंदमानातल्या २१ निनावी बेटांना परमवीरांची नावे देण्यात आली, त्यांपैकी एक त्यांचे आहे. आजवरच्या २१ परमवीर चक्रांपैकी १४ मरणोत्तर आहेत. हयातीत ते मिळालेल्या सात जणांत कारवाईच्या तारखेप्रमाणे राणे सर्वांत आधीचे.