कलेच्या इतिहासातली एम.ए.: एका पदवीची उलटी वाट

'बी.ए. साहित्यात झालं, आता एम.ए. कलेच्या इतिहासात करता येईल का?' हा प्रश्न नेहमी विचारला जातो आणि बहुतेक विद्यापीठांत त्याचं उत्तर 'हो' असंच मिळतं. साहित्याच्या जागी अर्थशास्त्र किंवा गणित असलं तरी दार सहसा बंद होत नाही, फार तर एखादा निबंध जास्तीचा मागतात. रसायनशास्त्राच्या विभागात जाऊन असं विचारून बघावं! यात कुणाचा उदारपणा शोधायला जाऊ नये. हा विषय वाढलाच मुळी वरून खाली. आधी प्राध्यापक आले, मग डॉक्टरेट, त्यानंतर मधल्या पायऱ्या. बी.ए. हे या घरातलं शेंडेफळ.

सुरुवातीचा भाग थोडक्यात उरकतो. जर्मनीतल्या गटिंगेनच्या विद्यापीठात १८१३ मध्ये या विषयाचा प्राध्यापक नेमला गेला. तो मूळचा चित्रकार, आणि तिथला मुद्राचित्रांचा संग्रह त्याच्या ताब्यात होता. बर्लिनमध्ये १८४४ साली ही जागा मिळाली ती तिथल्या चित्रसंग्रहालयाच्या संचालकाला. १८५२ मध्ये व्हिएन्नाही त्याच वाटेनं गेलं. शिकवणारे बऱ्याच ठिकाणी संग्रहालयांच्या किल्ल्या सांभाळणारे होते, आणि शिकणारे तत्त्वज्ञान, इतिहास किंवा प्राचीन भाषा वाचत वाचत इकडे वळलेले. बाहेर पडायचं ते थेट प्रबंध लिहून, डॉक्टर होऊन. जर्मनीत मानव्यविद्यांसाठी 'मागिस्टर' ही पदवी १९६० च्या सुमारास रुळली, तोवर मधे थांबायला पायरीच नव्हती.

इंग्लंडची गोष्ट आणखी गमतीची. एका संग्राहकाच्या मृत्युपत्रातल्या पैशांतून १८६९ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि लंडन इथे तीन अध्यासनं, म्हणजे कायमची प्राध्यापकपदं, निघाली. ऑक्सफर्डच्या व्याख्यानांना गर्दी लोटायची, पण त्या व्याख्यानांपुढे ना परीक्षा होती ना पदवी. लंडनच्या अध्यासनाची तर चित्रकलेची शाळाच झाली. एडिंबरानं १८८० मध्ये ललित कलेचा प्राध्यापक नेमला. रीतसर पदवीचं शिक्षण देणारी स्वतंत्र संस्था लंडनमध्ये उभी राहिली ती थेट १९३२ मध्ये, आणि तिच्यामागेही एका कापड उद्योजकाचा पैसा होता. पुढच्याच वर्षी नाझी राजवटीतून वाचवलेलं एक अख्खं ग्रंथालय हॅम्बुर्गहून जहाजानं लंडनला आलं. त्या काळात देशोधडीला लागलेल्या जर्मन आणि ऑस्ट्रियन अभ्यासकांनी इंग्लंड-अमेरिकेतल्या या विषयाचा कणा घडवला. अमेरिकेत पदव्युत्तर विद्यार्थ्याला जर्मन वाचता यायलाच हवं ही अट पुढे कितीतरी वर्षं टिकली, तिच्यात या इतिहासाचाही वाटा आहे.

ऑक्सफर्डला या विषयाचं पूर्ण वेळेचं अध्यासन मिळालं १९५५ मध्ये. स्वतंत्र बी.ए. सुरू झाली २००४ मध्ये. मधे एकोणपन्नास वर्षं गेली. वरून खाली म्हणतो ते यासाठीच.

बी.ए.च्या वर्गांना खरी गर्दी झाली ती १९६० नंतर, आणि त्यामागचं एक कारण सहसा सांगितलं जात नाही. ब्रिटनमध्ये कलाशिक्षणाचा आढावा घेणाऱ्या सल्लागार मंडळानं १९६० च्या अहवालात म्हटलं की कलाशाळेतल्या अभ्यासक्रमाचा सुमारे १५ टक्के वेळ कलेचा इतिहास आणि पूरक विषयांना द्यावा. आता हा वेळ भरायचा तर शिकवणारे हवेत, आणि शिकवणारे हवेत तर पदवीधर हवेत. त्याच दशकात नवी विद्यापीठं निघाली आणि त्यांतल्या काहींनी हा विषय घेतला. कलाशाळांतल्या चित्रकार-शिल्पकार विद्यार्थ्यांनी या सक्तीच्या तासांना नाकं मुरडली, हेही खरं.

आता 'एम.ए.' या दोन अक्षरांकडे येऊ. परदेशी अर्ज करणाऱ्यांचा सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

स्कॉटलंडच्या जुन्या विद्यापीठांत कलाशाखेची एम.ए. ही पहिली पदवी आहे. बारावीनंतर चार वर्षं शिकायचं आणि एम.ए. (ऑनर्स) व्हायचं. तिथला एम.ए. झालेला विद्यार्थी म्हणजे इतर ठिकाणचा बी.ए. मग त्याच्या वरच्या पदवीला काय म्हणायचं? सेंट अँड्र्यूजला एम.लिट. आणि एडिंबराला चक्क एम.एससी.! चित्रांवर लघुप्रबंध लिहिलेल्या माणसाच्या प्रमाणपत्रावर 'सायन्स' बघून घरच्यांना काय वाटत असेल, कोण जाणे.

ऑक्सफर्ड आणि केंब्रिजची तऱ्हा आणखी निराळी. तिथल्या बी.ए.ला प्रवेशानंतर साधारण सात वर्षं उलटली की अर्ज करून एम.ए. मिळते. त्यासाठी ना वर्ग, ना परीक्षा, ना लघुप्रबंध. मध्ययुगात विद्यापीठाचा पूर्ण सभासद होण्याची ही खूण होती, आणि परंपरा म्हणून ती जपली गेली. त्यामुळे तिथे या विषयात खरोखर शिकून मिळवायच्या पदव्युत्तर पदवीचं नाव वेगळं ठेवावं लागलं: ऑक्सफर्डला एम.एसटी., केंब्रिजला एम.फिल. ज्यानं वर्षभर घाम गाळला त्याच्या हातात अनोळखी आद्याक्षरं, आणि ज्यानं फक्त वाट पाहिली त्याच्याकडे सगळ्यांना कळणारी एम.ए. समर्थक म्हणतात की ही शैक्षणिक पात्रता नसून दर्जा आहे आणि तसं कुणी लपवत नाही. असेलही, पण नोकरीच्या अर्जावरची दोन अक्षरं हा फरक सांगत नाहीत. २०११ मध्ये ही सवलत बंद करण्यासाठी ब्रिटिश संसदेत एका खासदारानं विधेयक मांडलं. त्याचा कायदा झाला नाही.

अमेरिकेत घोळ दुसऱ्या बाजूनं आहे. तिथल्या अनेक मोठ्या विभागांत विद्यार्थी बी.ए.नंतर सरळ पीएच.डी.ला प्रवेश घेतो आणि एम.ए. त्याला वाटेत मिळून जाते, एखाद्या टोलनाक्याच्या पावतीसारखी. फक्त एम.ए.साठीच घेतलेल्या प्रवेशाला 'टर्मिनल' म्हणतात. 'शेवटचा' अशा अर्थाचं हे विशेषण विद्यार्थ्यांना फारसं शुभ वाटत नाही, आणि त्या मार्गावर शिष्यवृत्तीही तुलनेनं कमीच मिळते.

युरोपनं मात्र हे सगळं एका साच्यात घालायचं ठरवलं. १९९९ मध्ये इटलीतल्या बोलोन्यात २९ देशांनी जाहीरनाम्यावर सह्या केल्या. तिथून पुढे पहिल्या पदवीला किमान १८० आणि मास्टर्सला बहुधा १२० श्रेयांक, म्हणजे तीन अधिक दोन वर्षं, हे गणित पसरलं. जर्मनीतला जुना मागिस्टर सलग होता. एक मुख्य विषय, सोबत दोन दुय्यम, आणि कधी संपवायचं ते बरंचसं विद्यार्थ्याच्या हाती. तो मोडून दोन तुकडे केल्यावर पहिल्यांदाच एक अवघड प्रश्न उभा राहिला: तीन वर्षांनी थांबणाऱ्याला कलेचा इतिहास 'आला' असं कशावरून म्हणायचं? मागिस्टरच्या काळात या प्रश्नाची गरजच पडली नव्हती.

याचं ठरलेलं उत्तर होतं सर्व्हे कोर्स. गुहाचित्रांपासून आजपर्यंतचा प्रवास एका वर्षात, अंधाऱ्या सभागृहात. ही पद्धत प्रोजेक्टरमुळे शक्य झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये पडद्यावर शेजारी-शेजारी दोन चित्रं दाखवून फरक समजावण्याची पद्धत गाजली, आणि पुढे परीक्षेतही 'चित्र ओळखा, तुलना करा' हेच आलं. ज्या जाडजूड पाठ्यपुस्तकावर अमेरिकेतल्या पिढ्या पोसल्या, त्याच्या १९६२ च्या आवृत्तीत एकही स्त्री चित्रकार नव्हती. १९७१ मध्ये एका स्त्री अभ्यासकानं या गैरहजेरीचं कारण स्त्रियांच्या प्रतिभेत नव्हे तर शिक्षणाच्या आणि संस्थांच्या रचनेत शोधलं, आणि तेव्हापासून सर्व्हेच्या यादीला लागलेली गळती थांबलेली नाही. २०२० च्या जानेवारीत अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका जुन्या विद्यापीठानं प्रबोधनकाळापासून पुढचा आपला प्रसिद्ध प्रास्ताविक कोर्स बंद करत असल्याचं सांगितलं, तेव्हा वर्तमानपत्रांत 'पाश्चात्त्य कला हद्दपार' असा सूर लागला. मुळात त्या जागी विषयवार आणि प्रदेशवार असे अनेक प्रास्ताविक कोर्स येणार होते.

या गदारोळात एम.ए.च्या वर्गाचं काय होतं याकडे कुणी फारसं पाहिलं नाही. सर्व्हे गेला की या विषयात बी.ए. केलेला आणि गणितातून आलेला यांच्यातलं अंतर आपोआप कमी होतं, कारण सगळ्यांना एकच गोष्ट ठाऊक असेल असं आता गृहीत धरता येत नाही. कित्येक विभाग पहिल्या सत्रात दोघांनाही पद्धतिशास्त्राच्या एकाच वर्गात बसवतात.