‘फ्रँकली’ म्हटलं की कान का टवकारतात?

‘फ्रँकली, मला तुझी गोष्ट आवडली नाही.’ पहिला शब्द कानावर पडला की पुढचं काही गोड नसणार, हे ऐकणाऱ्याला कळून चुकतं. उलट ‘फ्रँकली, तू फार छान लिहितोस’ म्हणून बघा. कौतुकच, पण समोरचा जरा चमकतो.

कोशात ‘फ्रँकली’चा अर्थ ‘मोकळेपणाने, स्पष्टपणे’ असा मिळतो. ‘ती फ्रँकली बोलली’ इथे तो चपखल बसतो. ती कशी बोलली, ते कळतं. पण वाक्याच्या तोंडाशी, स्वल्पविरामाआधी बसलेलं ‘फ्रँकली’ वेगळं काम करतं. गोष्ट ‘मोकळेपणाने नावडली’ असा अर्थ तिथे होतच नाही. हे क्रियाविशेषण ज्या क्रियेला लागतं ती वाक्यात दिसतच नाही. ती क्रिया म्हणजे ‘मी सांगतोय’. आपलं ‘स्पष्टच सांगायचं तर’ ती निदान उघड बोलून दाखवतं.

गंमत प्रश्नात आहे. ‘फ्रँकली, तो येईल का?’ इथे मोकळं बोलायचं कुणी? विचारणाऱ्याने नव्हे, उत्तर देणाऱ्याने. विधानाचा प्रश्न झाला की शब्द बोलणाऱ्याकडून ऐकणाऱ्याकडे सरकतो, जसं ‘खरं सांगतो’चं ‘खरं सांग’ होतं.

तत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांनी १९७५च्या एका निबंधात मांडलं होतं की समोरचा खरं बोलतोय, हे संभाषणात आपण धरूनच चालतो. मग ते वेगळं बजावायचं कशाला? माझ्या मते ‘फ्रँकली’ खरेपणाची ग्वाही देतच नाही. आता भीड बाजूला ठेवतोय, एवढीच ती सूचना.

शब्दाचं मूळही सत्यात नाही, स्वातंत्र्यात आहे. फ्रँक ही जर्मानिक टोळी. पाचव्या शतकाच्या अखेरीस तिने आजच्या फ्रान्सचा बराच भाग जिंकला. राज्य त्यांचं, म्हणून ‘फ्रँक’ म्हणजे बंधनमुक्त माणूस. इंग्रजीत हा शब्द आधी ‘मुक्त’ या अर्थानेच आला. बोलण्यातला मोकळेपणा त्याला सोळाव्या शतकात चिकटला. (याच टोळीचं नाव अरबी-फारसीतून फिरत आपल्याकडे ‘फिरंगी’ होऊन आलं!) ‘मोकळं बोल’ म्हणताना मराठीही हाच धागा पकडते.

‘ब्लंटली’ हा त्याचा खडूस भाऊ. ‘ब्लंट’ म्हणजे बोथट. इंग्रजीत तोंडावर सुनावणारा माणूस बोथट. मराठीत मात्र त्याचीच जीभ धारदार.