निम्म्या पैशात निम्मं काम? सात दिवसांच्या फेरीचं गणित

मार्च 2025 मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने राज्यांच्या आरोग्य खात्यांना दिलेली 11 अब्ज डॉलरहून अधिक अनुदानं एका फटक्यात रद्द केली. हा पैसा कोविडच्या काळातला, कोविड संपला, मग पैसा कशाला, असा युक्तिवाद होता. 23 राज्यं आणि राजधानीचा जिल्हा कोर्टात गेले आणि ऱ्होड आयलंडच्या फेडरल न्यायाधीशांनी कपात तात्पुरती थांबवली. दरम्यान टेक्सस राज्यात गोवराची साथ चालू असतानाच तिथल्या डॅलस काउंटीला पन्नासहून अधिक लसीकरण शिबिरं रद्द करावी लागली.

अशी बातमी वाचली की बहुतेकांच्या मनात एक साधा हिशेब उमटतो. पैसे वीस टक्के कमी झाले तर काम वीस टक्के कमी होईल, थोडी ओढाताण होईल, चालायचंच. रस्त्याच्या बाबतीत हे बरंचसं खरं आहे. निम्म्या पैशात निम्मा रस्ता होतो आणि तेवढा तरी वापरता येतो. रोगनियंत्रणाचं तसं नाही. का नाही, ते समजायला अमेरिकेत जायची गरज नाही. गोव्यातल्या पणजीत, मडगावात किंवा पर्वरीत चालू असलेल्या एखाद्या बांधकामाचा ताजा स्लॅब पुरे.

नवा स्लॅब पडला की त्याच्यावर सिमेंट-वाळूचे छोटे बांध घालून पाणी तुंबवतात. हे क्युरिंग. साधं सिमेंट असेल तर स्लॅब किमान 7 दिवस ओला ठेवायचा, राख मिसळलेलं सिमेंट असेल तर किमान 10 दिवस. पाणी स्वच्छ, उथळ, उन्हाने कोमट. ॲनोफिलीस स्टीफेन्सी या डासाला नेमकं हेच हवं असतं. हा शहरी हिवतापाचा मुख्य वाहक. गटारात तो सहसा जात नाही. त्याला इमारतीवरची टाकी, विहीर, तळघरातला सम्प, लिफ्टचा खड्डा आणि क्युरिंगचं पाणी आवडतं. 1980 च्या दशकात गोव्यात बांधकामं वाढू लागली आणि पणजीत हिवतापाने डोकं वर काढलं, त्यामागे हाच डास होता.

आता त्याचं घड्याळ पाहू. गोव्याच्या उबेत अंड्यातून अळी यायला एक-दोन दिवस, अळीच्या चार अवस्थांना साधारण पाच दिवस, कोषाला दोन दिवस. नऊ दिवसांत डास उडाला. अळीनाशक मारतात ते अळीवर, म्हणजे या नऊपैकी पहिल्या सातेक दिवसांतच त्याचा उपयोग. कोष काही खात नाही आणि त्याचं आवरण जाड असतं, त्यामुळे नेहमीच्या मात्रेचं टेमेफॉस (हेच ते अळीनाशक) त्याला फारसं बाधत नाही. फवारणीची फेरी आठवड्याची ठरली ती यामुळे. कर्मचारी दर सात दिवसांनी आला तर कुठलंही अंडं दोन भेटींच्या फटीतून निसटत नाही. भेटीनंतर तासाभराने घातलेलं अंडंसुद्धा पुढच्या भेटीला अळीच्याच रूपात सापडतं.

समजा निधी आटला, निम्मे कंत्राटी कर्मचारी कमी झाले आणि फेरी चौदा दिवसांवर गेली. भेटीनंतरच्या पहिल्या सात दिवसांत घातलेली अंडी पुढच्या भेटीपर्यंत कोष झालेली असतील किंवा उडून गेलेली असतील. म्हणजे जिथे कर्मचारी नेमाने जातो तिथलीसुद्धा निम्मी पैदास वाचली. औषधाचा अंश पाण्यात काही दिवस टिकतो हे धरलं तर आकडा थोडा सुधारेल, चित्र तेच राहील.

निम्मी वाचली तर निम्मा फायदा तरी राहिलाच की, असं कोणी म्हणेल. इथे रोनाल्ड रॉस आठवावा लागतो. 1897 मध्ये सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी त्याने शोधला, हे शाळेत शिकवतात. त्याने पुढे गणितही मांडलं, ते शिकवत नाहीत. सगळे डास मारायची गरज नाही, असं ते गणित सांगतं. एका रुग्णापासून सरासरी किती नवे रुग्ण होतात हा आकडा एकच्या खाली ठेवला की रोग आपोआप विझतो. एकच्या वर गेला की पसरतो. मधली सुरक्षित जागा नाही.

उदाहरणापुरते आकडे घेऊ. नियंत्रण अजिबात नसताना एका रुग्णापासून 2 नवे रुग्ण होतात असं धरा. शंभरातल्या 30 पाणवठ्यांपर्यंत कर्मचारी कधीच पोचत नाही, असंही धरा (बंद फ्लॅट, किल्ली मिळत नाही, शिडी नाही, ही अडचण रोजचीच). आठवड्याची फेरी असेल तर फक्त त्या 30 मधून डास येतात. डास 30 टक्क्यांवर, म्हणून नवे रुग्ण 2 गुणिले 0.3, म्हणजे 0.6. चौदा दिवसांची फेरी झाली की त्या 30 मध्ये उरलेल्या 70 चा निम्मा वाटा, 35, मिळतो. डास 65 टक्क्यांवर आणि नवे रुग्ण 1.3.

आता 100 रुग्णांपासून सुरुवात करा. माणसाकडून डासाकडे आणि डासाकडून पुन्हा माणसाकडे, असा एक फेरा महिना-दीड महिन्याचा. पहिल्या परिस्थितीत रुग्ण 60, 36, 22, 13 असे उतरत पाचव्या फेऱ्याला 8 वर येतात. दुसऱ्या परिस्थितीत 130, 169, 220, 286 आणि पाचव्या फेऱ्याला 371. पगाराचा खर्च निम्मा वाचला, रुग्णसंख्या मात्र शेहेचाळीस पटींच्या फरकाने दुसऱ्या टोकाला गेली. आणि हे सगळं साधारण सहा महिन्यांत. एका आर्थिक वर्षात मावणारी गोष्ट आहे.

कागदावरच्या या गणिताला इतिहासाची साक्ष आहे. श्रीलंकेत 1963 मध्ये हिवतापाचे अवघे 17 रुग्ण नोंदले गेले. रोग संपला असं समजून फवारणी थांबवली. 1969 मध्ये रुग्ण पाच लाखांच्या वर गेले. आपल्याकडे 1953 च्या सुमारास वर्षाला साडेसात कोटी रुग्णांचा अंदाज होता. 1965 मध्ये ते एक लाखाच्या आसपास आले आणि 1976 मध्ये पुन्हा 64 लाखांच्या पुढे. डीडीटीला न जुमानणारे डास हे एक कारण होतंच, पण औषधाचा तुटवडा आणि सैल झालेली यंत्रणा हीही कारणं होती. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात 61 देशांतल्या हिवतापाच्या 75 पुनरागमनांचा अभ्यास आहे. त्यातली 68 काही अंशी तरी नियंत्रण कार्यक्रम ढिला पडल्यामुळे झाली, आणि ढिलाईचं सर्वांत मोठं कारण पैशाची चणचण.

कपातीचा पहिला घाव मात्र सहसा फवारणीवर पडत नाही, तपासणीवर पडतो. आणि तो यशासारखा दिसतो! वर्षाला लोकसंख्येच्या किमान दहा टक्के लोकांच्या रक्ताची तपासणी व्हावी, असं जुनं मोजमाप आहे. ती पाच टक्क्यांवर आली की रुग्णांचा आकडाही उतरतो, आणि पत्रकात 'हिवतापात लक्षणीय घट' असं छापून येतं. रुग्ण तिथेच असतात. व्हायवॅक्स या प्रकारच्या हिवतापाचा परजीवी तर यकृतात महिनोन् महिने झोपून राहतो. त्याला उठण्याआधी मारायला प्रायमाक्विन चौदा दिवस घ्यावं लागतं. ताप तिसऱ्या दिवशी उतरतो, चौथ्या दिवशी मजूर कामावर जातो आणि उरलेल्या गोळ्या खिशात राहतात. त्याने त्या पूर्ण घेतल्या का, हे साइटवर जाऊन पाहणारा माणूस पगारपत्रकावर लागतो. एरवी ओडिशा-झारखंडच्या मजुरांनी ताप आणला म्हणून बोट दाखवणं सोपं. डास मात्र इथल्याच टाकीतला असतो, झाकण नसलेल्या.

धुराच्या गाडीबद्दल बोलायलाच हवं. फॉगिंगचा आवाज येतो, धूर दिसतो, फोटो निघतो, म्हणून ते लोकांना आणि लोकप्रतिनिधींना सारखंच प्रिय. त्या धुराने तेवढ्या वेळी हवेत उडणारे डास मरतात. स्टीफेन्सी घरात पडद्यामागे बसलेला असतो आणि टाकीतून उद्याची तुकडी निघतेच. साथीच्या ऐन भरात फॉगिंगला जागा आहे, साप्ताहिक फेरीच्या बदल्यात नाही. असा दिखाऊपणा औषधांतही होतो. मे 2021 मध्ये गोवा सरकारने कोविड टाळायला अठरा वर्षांवरील सगळ्यांना आयव्हरमेक्टिन देण्याचं जाहीर केलं होतं, तेव्हा जागतिक आरोग्य संघटना ते फक्त चाचण्यांपुरतं वापरा म्हणत होती. गंमत अशी की हे औषध घेतलेल्या माणसाला चावलेला डास मरतो, म्हणून हिवतापासाठी त्याचा खरोखर अभ्यास चालू आहे. पण तेव्हा डासांची चर्चाच नव्हती.

आता पैसा कुणाचा? राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य राज्यसूचीत आहे, नोंद 6. राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा खर्च गोव्यासारख्या राज्यांत केंद्र 60 आणि राज्य 40 टक्के उचलतं. 1971 मध्ये सुरू झालेल्या शहरी हिवताप योजनेची रचना अशी की अळीनाशक केंद्राकडून आणि माणसांचा खर्च राज्याकडे. म्हणजे एका बाजूने हात आखडला तर दुसऱ्या बाजूचा खर्चही फुकट जातो. औषध आहे पण पंप पाठीवर घेणारा नाही, किंवा माणूस आहे आणि डबा रिकामा. म्हणून पर्वरीच्या विधानसभेत कपातीचा विषय निघाला तर एकूण तरतुदीचा आकडा विचारून फारसं हाती लागणार नाही. कुठल्या वॉर्डात फेरी किती दिवसांनी होते, किती टाक्या कुलूपबंद म्हणून सुटल्या, रक्ततपासणीचं प्रमाण गेल्या वर्षीपेक्षा उतरलं का, आणि पैसा जूनच्या आधी आला की ऑगस्टमध्ये, हे विचारावं. पहिला पाऊस पडून गेल्यावर आलेला हप्ता नऊ दिवसांच्या घड्याळामागे धावत राहतो.

काही कामं जवळपास बिनपैशाची आहेत, तीही सांगून टाकतो. स्लॅबवर तळं करण्याऐवजी ओलं गोणपाट पसरलं तरी क्युरिंग होतं. तळंच करायचं असेल तर आठवड्यातून एकदा सगळं पाणी झाडून काढायचं आणि लगेच नवं भरायचं. स्लॅब ओला राहतो, अळ्या वाहून जातात. पाणी खाली जिथे जाईल तिथे डबकं होऊ द्यायचं नाही. टाकीचं झाकण घट्ट हवं, आणि ओव्हरफ्लोच्या पाइपाच्या तोंडावर बारीक जाळी. जाळी बहुतेक सगळे विसरतात. विहिरीत गप्पी मासे सोडावेत, एक गप्पी दिवसाला ऐंशी-शंभर अळ्या खातो.

तुटवड्याच्या काळात एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळायची. फवारणीच्या द्रावणात टेमेफॉसचं प्रमाण 10 लिटर पाण्याला 2.5 मिलिलिटर. साठा पुरवायचा म्हणून ते सव्वा मिलिलिटर केलं की कमकुवत अळ्या मरतात, चिवट तेवढ्या उरतात आणि पुढची पिढी त्यांचीच होते. पुढच्या वर्षी निधी पूर्ववत झाला, डबे भरून आले, तरी तेच 2.5 मिलिलिटर त्या वॉर्डात पूर्वीइतकं चालत नाही.