आरसी कार शर्यत : ऑन-रोड की ऑफ-रोड (सोलापूर परिसर)

रिमोटवर चालणाऱ्या छोट्या गाड्यांच्या शर्यतींचे दोन मुख्य प्रकार आहेत. डांबर, काँक्रीट किंवा गालिच्यावरच्या सपाट ट्रॅकवर होते ती ऑन-रोड. मातीत, चढउतार आणि उड्या असलेल्या ट्रॅकवर होते ती ऑफ-रोड. जपानच्या तामिया कंपनीने १९७६ साली खऱ्या गाडीच्या १/१२ मापाची पोर्शे ९३४ बाजारात आणली आणि १९७९ साली मातीत पळणारी रफ रायडर. बॅटरीवरच्या १/१० ऑफ-रोड गाड्यांची पहिली जागतिक स्पर्धा १९८५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेल मार येथे झाली.

दोहोंतला प्रकार आवडीने निवडावा, असे सर्रास सांगितले जाते. सोलापुरात मात्र निम्मी निवड जमीनच करून टाकते.

जमीन. ऑन-रोडची १/१० टूरिंग कार जमिनीपासून जेमतेम ५ मिमी वर असते. हरभऱ्याएवढा खडा आडवा आला तरी गाडी उचलली जाते, वेगात असेल तर उलटते. त्यामुळे साध्या रस्त्याचा उपयोग नाही. डांबराचे वर आलेले खडे आणि कडेची धूळ पुरेशी घातक ठरते. त्यातल्या त्यात बरी जागा म्हणजे काँक्रीटचे बास्केटबॉल मैदान. २८ बाय १५ मीटरमध्ये सौम्य मोटरच्या गाड्यांचा ट्रॅक बसतो, पण आधी झाडून घ्यायचे आणि मग ब्लोअर मारायचा. नुसत्या झाडूने बारीक धूळ जागीच राहते आणि टायर पहिल्याच वळणावर घसरतो.

ऑफ-रोड बगीला (मातीत पळणाऱ्या गाडीला) हा नखरा नसतो, पण काळी माती तिलाही चालत नाही. उन्हाळ्यात या मातीला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पुढचे चाक त्यात अडकून आर्म (चाक धरणारा दांडा) मोडतो. पावसाळ्यात तीच माती टायरवर थर धरते, चाके जड होतात आणि मोटर तापते. म्हणून ट्रॅक मुरमाचा करावा: चाळलेला मुरूम पसरायचा, पाणी मारायचे, धुम्मसाने ठोकायचा आणि शर्यतीआधी पुन्हा हलके पाणी शिंपडायचे. होम मैदानाच्या भरवशावर बेत आखू नये. जानेवारीत तिथे सिद्धेश्वराची गड्डा यात्रा असते.

गाडी. मुरमावर टू-व्हील ड्राइव्ह बगीची शेपटी सुटते. फोर-व्हील सरळ पळते, पण तिच्यात सुटे भाग जास्त, म्हणजे शर्यतीनंतर साफसफाईही जास्त. उडीत गाडी हवेतच सावरावी लागते: थ्रॉटल दिला की नाक वर येते, ब्रेक लावला की खाली जाते. नवखे घाबरून ब्रेक दाबतात आणि गाडी नाकावर पडते. ऑफ-रोडला आर्मचा जादा जोड खिशात ठेवावा. ऑन-रोडला मोडतोड कमी, पण कठड्याची एकच धडक महागात पडते, आणि तापलेल्या डांबरावर टायर झपाट्याने झिजतात.

गिअर. दोन्ही प्रकारांत सर्वांत जास्त चुका इथे होतात. पिनियन (मोटरवरचा छोटा गिअर) आणि स्पर (त्याला जुळणारा मोठा गिअर) यांच्यामध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालावी, मोटर दाबून स्क्रू आवळावेत, मग पट्टी फिरवून बाहेर काढावी. पट्टीवर दातांच्या घड्या पडलेल्या हव्यात, पण ती फाटलेली नसावी. अंतर कमी पडले तर गाडी किंचाळते, जास्त झाले तर स्परचे दात उडतात. मुरमात गिअरचे झाकण लावल्याशिवाय गाडी सोडू नये. एक खडा आत गेला तरी स्पर बाद होतो.

स्परला ७८ आणि पिनियनला २४ दात असतील, तर गुणोत्तर ३.२५. गिअरबॉक्सचे आतले गुणोत्तर २.६ असेल, तर एकूण सुमारे ८.४५. पिनियन मोठा केला की वेग वाढतो, उष्णताही वाढते. मे महिन्यात पारा चाळिशीपार असताना थंडीतला पिनियन तसाच ठेवणे ही नेहमीची चूक. पाच मिनिटे पळवून इन्फ्रारेड थर्मामीटरने मोटर तपासावी. ८० अंशांच्या जवळ गेली असेल तर एक-दोन दात कमी करावेत. उन्हाने डँपरचे (धक्के शोषणाऱ्या नळीचे) तेलही पातळ होते. हिवाळ्यात ३० वेटचे (वेट हे तेलाच्या दाटपणाचे माप) चालत असेल, तर उन्हाळ्यात ३५ घालून पाहावे.

बॅटरी. टू-सेल लिपो (दोन सेलची लिथियम-पॉलिमर बॅटरी) पूर्ण भरल्यावर ८.४ व्होल्ट दाखवते. ५००० एमएएचचा पॅक ५ अँपिअरवर चार्ज करावा आणि त्या वेळी जवळ कुणीतरी बसावे. आठवडाभर गाडी लागणार नसेल, तर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टवर आणून ठेवावा. दुचाकीच्या डिकीत भरउन्हात बॅटरी ठेवू नये. फुगलेला पॅक पुन्हा चार्जरला लावायचा नाही.

जुनी गाडी घेताना. पहिली गाडी म्हणून सोलापुरात वापरलेली १/१० बगी जास्त सोयीची. घेताना चाक हाताने फिरवून पाहावे. खरखर ऐकू आली तर बेअरिंगमध्ये धूळ गेली आहे. मग डँपर दाबून सोडावा. चुळूक-चुळूक आवाज आला तर आतले तेल कमी होऊन हवा शिरलेली असते. या दोन गोष्टी स्वस्तात दुरुस्त होतात, पण चेसिस वाकलेली असेल तर व्यवहार करू नये.