नर पाकटाचे वीर्य तपासणीला पाठवताना

क्लास्पर (नराच्या मागच्या परांजवळचे, मिलनासाठीचे दोन दांड्यासारखे अवयव) लांब आणि कडक झाले की पाकट वयात आला असे धरायला हरकत नाही. पण वीर्य तिथून काढायचे नसते. क्लास्पर पिळल्यावर येणारा चिकट द्रव त्याच्या ग्रंथीचा असतो. वीर्य येते क्लोएकाच्या (विष्ठा, लघवी आणि वीर्य बाहेर पडायच्या सामाईक छिद्राच्या) आतल्या छोट्या उंचवट्यातून, आणि लघवीही तिथूनच. बहुतेक घोळ इथेच होतो.

नमुना घेणे

आदल्या दिवशी खाणे बंद. शेपटीच्या काट्यावर जाड नळीचा तुकडा चढवून टेपने पक्का करा. भूल द्यायची की नाही ते पशुवैद्य ठरवतील. उताणा केला की पाकट बऱ्याचदा निपचित पडतो, तरी कल्ल्यांतून पाणी वाहते ठेवा.

क्लोएका गॉजने कोरडा करा. हलका दाब देऊन आधी लघवी जाऊ द्या आणि पुसून घ्या. मग पोटाकडून, कण्याच्या दोन्ही अंगांना, क्लोएकाच्या दिशेने अंगठा सरकवत दाबा. दुधट, दाट द्रव दिसला की बिनसुईच्या सिरिंजने ओढा. पाणचट थेंब आला तर वेगळ्या नळीत घ्या, चांगल्या नमुन्यात मिसळू नका.

नमुना कोणत्या द्रावणात घालायचा?

समुद्री पाकटाच्या रक्तात युरिया भरपूर असतो आणि शरीरातले द्रव सुमारे १००० मिलिऑस्मोलचे (विरघळलेल्या पदार्थांच्या तीव्रतेचे माप) असतात. दवाखान्यातले सलाइन जेमतेम ३००. त्यात शुक्राणू पाणी ओढून फुगतात, फुटतात, आणि धडधाकट नर अहवालात नापास होतो. गोड्या पाण्यातल्या मोटोरो जातीच्या पाकटाच्या रक्तात युरिया जवळपास नसतो. त्याला समुद्री द्रावण तितकेच घातक. म्हणून आमच्या द्रावणांपैकी निळ्या झाकणाची बाटली समुद्री पाकटासाठी, हिरव्या झाकणाची गोड्या पाण्यातल्या पाकटासाठी. नळीवर जात आणि वेळ लिहा.

नमुना ४ अंशांवर, बर्फाला थेट न टेकवता, त्याच दिवशी पोचवा. गोठवू नका.

आम्ही प्रयोगशाळेत काय पाहतो

रंग, सामू, घनता आणि ४०० पट सूक्ष्मदर्शकात हालचाल. शुक्राणूचे डोके स्क्रूसारखे पिळदार असते. निरोगी शुक्राणू स्वतःभोवती फिरत पुढे जातो. जागीच वळवळणारे वेगळे मोजतो. काही जातींत शुक्राणू गठ्ठ्यांनी येतात, तेव्हा गठ्ठ्याच्या कडा पाहून मत देतो.

लघवी मिसळलेली आढळल्यास हालचालीचा आकडा देत नाही, नमुना पुन्हा मागवतो. एकदा शुक्राणू सापडले नाहीत म्हणून नर बदलू नका. हंगाम नसेल तरही असे होते. महिन्याच्या अंतराने निदान तीन नमुने पाठवा.