किल्ल्यातून निघालेलं 'गिव्ह अप'

सोलापुरातल्या स्पोकन इंग्लिशच्या क्लासमध्ये 'गिव्ह अप' म्हणजे 'हार मानणे' एवढंच वहीत उतरतं. मग 'ही गेव्ह अप हिज सीट' आलं की पोरं अडतात. बसमध्ये म्हातारीला जागा देणाऱ्याने कसली हार मानली?

उत्तर थेट बाराव्या शतकात सापडतं. इंग्लंडमधल्या पीटरबरोच्या मठात भिक्षू सालवार इतिवृत्त लिहीत. त्यात 1137 सालाखाली नोंद आहे: राजा स्टीफनने सॉल्झबरीचा बिशप रॉजर आणि त्याचे पुतणे यांना कैदेत टाकलं, ते आपले किल्ले 'याफन अप' करीपर्यंत. हे 'याफन अप' म्हणजेच आजचं 'गेव्ह अप'. आपल्या बखरकाराने 'किल्ला खाली करून दिला' असं लिहिलं असतं. मे 1818मध्ये इंग्रज सेनापती मन्रोच्या फौजेपुढे आपला सोलापूरचा भुईकोट गेला, त्यालाही हेच क्रियापद चपखल बसतं. ताब्यातली वस्तू दुसऱ्याच्या हवाली करणे, हा अर्थ आधीचा. हक्क सोडणं, सवय सोडणं, प्रयत्न सोडणं हे सगळं त्यामागून आलं.

जुन्या इंग्रजीत 'अप'सारखे छोटे शब्द बरेचदा क्रियापदाच्या आधी, उपसर्गासारखे येत. पुढे ते मागे सरकले. नवव्या शतकात पूर्व इंग्लंडात वसलेल्या नॉर्स (स्कँडिनेव्हियातून आलेल्या) लोकांच्या बोलीचा त्यात हात असल्याचं बरेच अभ्यासक मानतात. 'गिव्ह'मधला 'ग'सुद्धा तिकडचाच. 1066नंतर दरबारात फ्रेंच आली आणि 'सरेंडर' तिच्यातून इंग्रजीत उतरलं. म्हणून पॉलिसी 'सरेंडर' होते, सिगारेट मात्र 'गिव्ह अप'.

परक्यांना क्रियापद आणि छोट्या शब्दाच्या या जोड्या फार छळतात, हे इंग्रजी कोशकार डॉ. जॉन्सनने 1755च्या कोशाच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवलंय. या जोड्यांना 'फ्रेजल व्हर्ब' हे नाव मात्र 1925मध्ये लेखक लोगन पिअरसॉल स्मिथमुळे रुळलं.

क्लासमध्ये उदाहरण द्यायचंच तर गॅस सबसिडीचं द्यावं. 2015च्या सरकारी मोहिमेचं नाव होतं 'गिव्ह इट अप'. हार मानायचा प्रश्नच नव्हता, हक्काची सवलत सोडायची होती. शिवाय 'इट' मध्येच बसलंय. 'गिव्ह अप इट' चालत नाही. 'सबसिडी' हे नाम मात्र मध्ये घाला किंवा शेवटी, दोन्ही बरोबर. आणि तंबाखू सोडणाऱ्याबद्दल बोलताना 'गेव्ह अप'पुढे 'च्युइंग' येतं, 'टू च्यू' नाही. परीक्षेत गुण जातात ते बहुधा इथेच.