बंधाऱ्याचे बरगे आणि उरलेल्या चार गोळ्या

पावसाच्या तोंडावर करवीर तालुक्यातले एक शेतकरी दुकानात आले आणि गोळ्यांचं पाकीट काउंटरवर ठेवलं. दहातल्या सहा संपलेल्या, चार शिल्लक. "ह्या परत घ्या. सहा दिस खाल्ल्या, काय बी फरक न्हाई."

गोळी होती एसिटॅलोप्रॅम. डिप्रेशनच्या गोळ्यांची अशी अर्धी पाकिटं माझ्या काउंटरवर वरचेवर परत येतात.

यांची आधीची फेरी नेहमीचीच. पाठ दुखते, पोटात गॅस, डोकं जड. सगळे रिपोर्ट नॉर्मल. मग देवरशी, उतारा, "बाहेरचं हाय". देवरशाने पैसे घेतले त्यापेक्षा तीन महिने खाल्ले, याचा मला जास्त राग येतो. शेवटी एका डॉक्टरांनी झोपेचं विचारलं. पहाटे तीनला जाग येते, मग डोळा लागत नाही. भूक नाही, तांबडा-पांढरा पुढ्यात असला तरी चव कळत नाही. गंगावेशीत दुधाला जाणं कधी सुटलं, ते घरच्यांनाही आठवेना.

डिप्रेशन म्हणजे रडत बसणं, असा आपला समज. हा गृहस्थ एकदाही रडला नव्हता. डॉक्टर ९ लक्षणं बघतात: उदासी, कशातच रस न उरणं, झोप, भूक, थकवा, एकाग्रता, हालचाली मंदावणं किंवा तगमग, स्वतःला दोष देणं, मरणाचे विचार. यातली किमान ५, त्यांत पहिल्या दोहोंपैकी एक हवंच, आणि तेही सलग दोन आठवडे जवळजवळ रोज. थायरॉईड किंवा बी-१२ बिघडलं तरी चित्र असंच दिसू शकतं, म्हणून रक्त तपासतात.

आता त्या सहा दिवसांकडे येतो. त्यांना मी कोल्हापूर पद्धतीचा बंधारा सांगितला. मेंदूतली एक पेशी दुसरीला निरोप देताना मधल्या फटीत सेरोटोनिन नावाचं रसायन सोडते आणि काम झालं की परत ओढून घेते. गोळी या ओढून घेण्यालाच आडवी येते. बंधाऱ्याला बरगे, म्हणजे खांबांमधल्या फळ्या, घातले की पाणी तुंबतं, तसं. हे काही तासांतच होतं. मग बरं का वाटत नाही?

कारण वरच्या धरणावर पाणी सोडणारा माणूस बसलाय. सेरोटोनिन सोडणाऱ्या पेशीच्या अंगावरच '५-एचटी-१ए' नावाचे ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे निरोप टिपणाऱ्या जागा) असतात. आजूबाजूला सेरोटोनिन वाढलं की ते पेशीला म्हणतात, बास, कमी सोड. म्हणजे खाली बरगे घातले आणि त्याच वेळी वरून विसर्गही घटला! दोनतीन आठवडे असंच चालतं. मग त्या ग्राहकांना वाढलेल्या पातळीची सवय होते, ते ओरडायचे थांबतात आणि विसर्ग पूर्ववत होतो. त्याच काळात बीडीएनएफ हे प्रथिन वाढतं आणि पेशींमधले जोड नव्याने घट्ट होऊ लागतात, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलंय.

इथवर ते ऐकत होते. प्रथिनाशी त्यांची नजर रस्त्यावर गेली, तेव्हा मी आवरतं घेतलं.

तरी एक सांगतोच. 'सेरोटोनिन कमी झालं म्हणजे डिप्रेशन' हे रील्सवरचं समीकरण कच्चं आहे. त्याला ठोस पुरावा सापडत नाही, असा निष्कर्ष २०२२ साली जुन्या अभ्यासांच्या एका मोठ्या आढाव्याने काढला. त्यावरून 'गोळ्या थोतांड' म्हणणारेही उगवले. पॅरासिटामॉलने ताप उतरतो, म्हणून ताप काही पॅरासिटामॉल कमी पडल्याने येत नाही.

पहिल्या आठवड्यात मळमळ, बेचैनी होऊ शकते. पंचविशीच्या आतल्या मुलांवर तर सुरुवातीला घरच्यांनी जास्त लक्ष ठेवावं. गोळी सोडायची असेल तर आधी डॉक्टरांना फोन. बरं वाटल्यावरही ती साधारण सहा महिने चालते. आजार सौम्य असेल तर नुसत्या समुपदेशनानेही भागतं. घरात कुणी "मी नसलो तर बरं" म्हणालं, तर सरळ विचारा, जीव द्यायचा विचार येतोय का? विचारल्याने तो डोक्यात भरत नाही. उत्तर 'हो' आलं तर त्याला एकटं सोडू नका, तडक सीपीआर, म्हणजे कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय, गाठा. नुसतं बोलायचं असेल तर १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी नंबर, फुकट, रात्री-अपरात्रीही, मराठीतून.

त्यांनी पाकीट खिशात ठेवलं. "मग कदी कळंल?"

कॅलेंडरवर मी चार आठवडे मोजले. बेंदराच्या आसपास येत होतं.

"तवा बैलांची शिंगं रंगवायची असत्यात," ते म्हणाले.